उडताना हाती कोणते जीपीएस असावे?

काही महिन्यांपूर्वी उमरखेडहून एका विज्ञान-शिक्षकांचे पत्र आमच्याकडे आले. त्यांचा एक माजी विद्यार्थी पॅरामोटर उडवण्याचे शिक्षण घेऊन गावी परतला आहे. पाठीवर लहानसे इंजिन व पंखा, डोक्यावर कापडी छत्र आणि मध्ये दोऱ्यांना टांगलेला माणूस, असे हे वाहन असते. उत्तरेकडे पुसदच्या डोंगरांच्या बाजूने आणि पूर्वेकडे पैनगंगेच्या काठाने सहस्रकुंडाच्या दिशेने लांब उड्डाणे करण्याची त्याची इच्छा आहे. त्यासाठी हातात धरायचे जीपीएस यंत्र घ्यायचे आहे. पडदा किती मोठा, नकाशा किती रंगीत, स्मृतीत किती हजार ठिकाणे मावतात, हे दुकानदार सांगतो. यांपैकी नेमके कशाकडे पाहावे, असा शिक्षकांचा प्रश्न होता.

आम्ही अर्ध्या पानाचे उत्तर पाठवून दिले. नंतर ते पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले, की आम्ही मोटार चालवणाऱ्याला द्यावे तसे उत्तर दिले होते. वाट चुकलेला मोटारवाला चहाच्या टपरीवर गाडी थांबवून विचारू शकतो. तीनशे मीटर उंचीवर टपरी नसते. टाकीत दहा-बारा लिटर पेट्रोल असते आणि खाली अभयारण्याचे जंगल किंवा नदीचे पात्र असेल, तर वाटेल तिथे उतरताही येत नाही. म्हणून हे दुसरे, सविस्तर उत्तर. (उड्डाणाच्या परवानगीचा विषय येथे घेतलेला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे आणि वनखात्याचे नियम पाळूनच उडायचे, हे गृहीत धरले आहे.)

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आजची बहुतेक सर्व यंत्रे उघड्या आकाशाखाली पाच-दहा मीटरांपर्यंत बरोबर असतात. तेव्हा 'यंत्र किती अचूक आहे?' हा प्रश्न आता फारसा महत्त्वाचा राहिलेला नाही. 'यंत्र चुकले तर ते मला कळेल का?' हा प्रश्न विचारून यंत्र निवडावे.

चौथा उपग्रह कशासाठी?

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून, जवळजवळ बारा तासांत एक अशा प्रदक्षिणा घालतात. प्रत्येक उपग्रह 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता अमुक वाजले आहेत' एवढेच सतत सांगत असतो. हा रेडिओ-संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला ते मोजले, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणले, की त्या उपग्रहाचे अंतर मिळते. तीन उपग्रहांची तीन अंतरे कळली की अवकाशातील एक जागा निश्चित व्हायला हवी.

अडचण घड्याळाची आहे. उपग्रहावर आण्विक घड्याळ असते. आपल्या हातातील यंत्रात साधे क्वार्ट्‌झचे. ते सेकंदाच्या केवळ दशलक्षांश भागाने चुकले तरी अंतरात ३०० मीटरांची चूक येते. म्हणून आपल्या घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी मानायची आणि तिच्यासाठी चौथा उपग्रह घ्यायचा. चार अज्ञात राशी, चार समीकरणे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना दोन चलांची समीकरणे शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे.

आता यातील खरी मेख पाहा. चार उपग्रहांपैकी एकाचा संदेश चुकीचा असेल तर काय होईल? चार समीकरणे तरीही सुटतील आणि उत्तर तरीही मिळेल. ते चुकीचे असेल, पण पडद्यावर तेवढ्याच ठाम अंकांत उमटेल. पाचवा उपग्रह मिळाला तर पडताळा घेता येतो: चारांनी दिलेले उत्तर पाचव्या समीकरणात बसत नसेल, तर कुठेतरी गडबड आहे हे कळते. सहावा मिळाला तर दोषी कोण तेही शोधून त्याला वगळता येते. मोठ्या विमानांतील जीपीएस ही तपासणी सतत करत असते आणि शंका आली की वैमानिकाला सावध करते. हातातील स्वस्त यंत्रांपैकी बरीच ती करत नाहीत, किंवा करत असल्याचे सांगत नाहीत. म्हणून खरेदीच्या वेळी पहिली मागणी ही करावी, की कोणते उपग्रह दिसत आहेत, त्यांचे संदेश किती जोरकस आहेत आणि स्थानातील चुकीचा अंदाज किती मीटर आहे, हे यंत्राने एका पडद्यावर दाखवले पाहिजे. हा पडदा रुक्ष दिसतो, दुकानदार तो दाखवत नाही. पण आकाशात तोच सर्वांत मोलाचा आहे.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत आणखी एक खोडी ध्यानात ठेवावी. उपग्रह तीनच दिसत असतील तर यंत्र गप्प बसत नाही. मागची उंची कायम आहे असे मानून ते उरलेली गणिते सोडवते. जमिनीवर हे चालून जाते. वर चढणाऱ्या किंवा खाली उतरणाऱ्या माणसाची उंची बदलत असते, त्यामुळे त्याचे स्थानही सरकते. पडद्याच्या कोपऱ्यात '३डी'च्या जागी '२डी' ही दोन अक्षरे उमटली, तर ते स्थान उड्डाणासाठी बाद समजावे.

या सगळ्यावर आपल्या देशात एक चांगला उपाय उपलब्ध आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून 'गगन' ही यंत्रणा उभारली. देशात पंधरा ठिकाणी, ज्यांचे स्थान आधीच काटेकोरपणे मोजलेले आहे अशी, संदर्भकेंद्रे आहेत. त्यांतील एक नागपूरला आहे. ही केंद्रे जीपीएसचे संदेश ऐकतात, आपले मोजलेले स्थान आणि जीपीएसने सांगितलेले स्थान यांतील फरक काढतात आणि दुरुस्त्या भूस्थिर उपग्रहांमार्फत सर्वांना कळवतात. एखादा जीपीएस उपग्रह बिघडला तर 'याच्यावर विसंबू नका' हा इशाराही काही सेकंदांत पोहोचतो. या यंत्रणेला विमानांच्या वाटचालीसाठी २०१३ च्या अखेरीस आणि उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एक एटीआर विमान राजस्थानातील किशनगढ येथे 'गगन'च्या साहाय्याने उतरले. हातातील यंत्र घेऊन कोणी असे उतरू नये, पण 'गगन'चे संदेश घेऊ शकणारे यंत्र आणि न घेणारे यंत्र यांत निवड करायची झाली, तर थोडे पैसे अधिक मोजून पहिले घ्यावे. अमेरिकी यंत्राच्या माहितीपत्रकात त्यांच्या देशातील 'वास' या यंत्रणेचे नाव असते. 'गगन' त्याच पद्धतीने बोलते. तरीही ते यंत्र 'गगन'चे उपग्रह पकडते का, हे उघड्यावर नेऊन पाहावे.

आपल्याकडे या दुरुस्त्यांची गरजही अधिक आहे. रेडिओ-संदेश आयनांबरातून येताना रेंगाळतो. आयनांबरातील विद्युत्‌भारित कणांची सर्वांत मोठी दाटी चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना असते आणि भारताचा मध्यभाग तिच्या छायेत येतो. सूर्यावर डागांची रेलचेल असते त्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्यास्तानंतर काही तास उपग्रहांचे संदेश ताऱ्यांसारखे लुकलुकू लागतात. यंत्राच्या हातून एखाद-दुसरा उपग्रह निसटतो. पॅरामोटरवाल्यांना सायंकाळची शांत हवा आवडते. अंधारापूर्वी उतरण्याचा नियम पाळण्यास हे आणखी एक कारण आहे. दोन वेगळ्या कंप्रतांवर संदेश घेणारी यंत्रे आता मिळतात. आयनांबरातील रेंगाळणे कंप्रतेनुसार कमी-अधिक असते, त्यामुळे दोन्ही संदेशांची तुलना करून ही चूक यंत्राला स्वतःच काढून टाकता येते.

लॅम्बटनची रेषा

उमरखेडपुरते बोलायचे तर एका प्रश्नाशी या गावाचे खास नाते आहे. गावाचे अक्षांश सुमारे १९ अंश ३६ मिनिटे उत्तर आणि रेखांश सुमारे ७७ अंश ४२ मिनिटे पूर्व. हा रेखांश भारताच्या नकाशाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. विल्यम लॅम्बटन याने १८०२ मध्ये मद्रासला एक आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. दक्षिण टोकापासून उत्तरेकडे, ७८ व्या रेखावृत्ताच्या अंमळ पश्चिमेने, त्रिकोणाला त्रिकोण जोडत ही मोजणी सरकत गेली. १८१५ नंतरच्या काही वर्षांत ती बीदरजवळून निघून वऱ्हाडात अचलपूरच्या परिसरापर्यंत पोहोचली, म्हणजे उमरखेडच्याच अक्षांशावरून पुढे गेली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवून, रात्री दूरच्या टेकडीवरील दिवे न्याहाळून कोन मोजायचे, असे ते काम होते. लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे, मोजणीच्या वाटेवरच वारला; त्याची कबर तेथे आहे. उमरखेडहून ते अंतर सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर भरते. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने १८४१ पर्यंत ही रेषा हिमालयाच्या पायथ्याशी नेऊन पोहोचवली.

या मोजणीवरून एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार ठरवला. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या त्याच्या आकारात ६३,७७,२७६ मीटर होती. मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे मूळ ठिकाण मानून भारताचे सर्व नकाशे याच आकारावर आखले गेले. या मूळ ठिकाणाचा रेखांश ७७ अंश ३९ मिनिटे आहे. म्हणजे उमरखेड जवळजवळ त्याच्या सरळ दक्षिणेला येते.

जीपीएस मात्र १९८४ मध्ये ठरवलेला दुसरा आकार वापरते. त्याची त्रिज्या एव्हरेस्टच्या त्रिज्येपेक्षा सुमारे ८६० मीटरांनी मोठी आहे आणि त्याचा केंद्रबिंदूही वेगळ्या जागी आहे. मापनाच्या अशा पायाला डेटम म्हणतात. दोन डेटमांवर एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश वेगवेगळे येतात. उमरखेडच्या आसपास हा फरक आम्ही काढून पाहिला. तो दीडशे मीटरांच्या घरात येतो. यात कोणी चुकलेले नाही. शाळेच्या कपाटात असलेला भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा (उमरखेडचा तक्ता ५६ ई/१०) आपल्या पायावर बरोबर आहे आणि यंत्र आपल्या. गफलत होते ती एकाचे आकडे दुसऱ्यात भरताना. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर निघालेले खुले नकाशे जीपीएसच्याच डेटमवर आहेत, त्यामुळे शाळेत दोन्ही पिढ्यांचे नकाशे असतील तर एकाच मंदिराचे अक्षांश-रेखांश दोन्हींवरून काढून विद्यार्थ्यांना फरक दाखवता येईल.

दीडशे मीटर म्हणजे मोकळ्या रानात काहीच नाही. उच्चदाबाच्या तारांपासून, टेकडीच्या कड्यापासून किंवा मोबाइलच्या मनोऱ्यापासून दूर राहायचे असेल, तर फार आहे. म्हणून दुसरी मागणी अशी: यंत्रात डेटम बदलण्याची सोय असावी आणि सध्या कोणता निवडला आहे हे सहज दिसावे.

डेटमपेक्षा अधिक माणसांना चकवणारी चूक मात्र फार साधी आहे. तीत आम्ही स्वतः सापडलो होतो. वातावरणातील धूलिकणांच्या मोजणीसाठी एका लहान विमानातून जायचे होते. ठिकाणांची यादी आम्ही नकाशावरून अंश व मिनिटांत तयार केली. यंत्र दशांश अंशांत मांडून ठेवलेले होते आणि आम्ही मिनिटांचे आकडे दशांश चिन्हापुढे भरले. निघाल्यानंतर वीस मिनिटांनी वैमानिक म्हणाले, "नदी उजव्या हाताला हवी होती ना? मग ती डावीकडे कशी?" यंत्राला काहीही खटकले नव्हते, ते आम्ही सांगितलेल्या ठिकाणाकडेच इमानाने नेत होते. खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या माणसाने आम्हाला वाचवले.

उमरखेडचेच आकडे घेऊन हे करून पाहा. १९ अंश ३६ मिनिटे म्हणजे १९.६० अंश, कारण साठ मिनिटांचा एक अंश. त्याऐवजी १९.३६ भरले, आणि रेखांश ७७.७० ऐवजी ७७.४२ भरला, तर यंत्र आपल्याला दक्षिणेकडे सुमारे २७ आणि पश्चिमेकडे सुमारे २९ किलोमीटर सरकवून, म्हणजे एकूण चाळीस किलोमीटर दूर, पैनगंगेपलीकडे नांदेडच्या बाजूला नेईल. ताशी चाळीस किलोमीटर वेगाच्या वाहनाला ही एका तासाची चूक आहे. मिनिटे आणि सेकंद यांची गल्लत याहून लहान, पण अधिक फसवी: ३६ मिनिटे ५० सेकंद आणि ३६.५० मिनिटे यांत सुमारे सहाशे मीटरांचे अंतर आहे. एवढा फरक डोळ्यांना लगेच खटकत नाही.

उंची आणि वेग

जीपीएसची उंची ही तिच्या स्थानापेक्षा कच्ची असते, हे कारणासह समजून घ्यावे. पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर या दिशांना उपग्रह आपल्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे चुका एकमेकींना काही प्रमाणात सावरतात. वर-खाली या दिशेत मात्र सगळे उपग्रह वरच असतात. खालचे पृथ्वीआड झाकलेले. म्हणून उंचीतील चूक साधारणपणे दीड ते दोन पट मोठी असते.

शिवाय उंची कशापासून मोजायची? जीपीएसला ठाऊक असलेला पृथ्वीचा आकार गुळगुळीत आहे. खरी समुद्रसपाटी मात्र गुरुत्वाकर्षणाच्या कमी-अधिकपणामुळे उंचसखल असते आणि भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात ती जगात सर्वांत खोल, शंभर मीटरांहून अधिक, खचलेली आहे. त्या खळग्याचा उतार आपल्या भागापर्यंत येतो. मुंबईच्या किनाऱ्यावर उभे राहून काही यंत्रांनी किंवा मोबाइलमधील काही प्रणालींनी दाखवलेली उंची पाहिली तर ती उणे साठ मीटरच्या आसपास निघते. चांगली यंत्रे ही दुरुस्ती आतल्या कोष्टकावरून करून घेतात. आपले यंत्र ती करते का, हे कळण्यासाठी रेल्वेस्थानकाच्या पाटीवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची आणि यंत्राची उंची यांची तुलना करावी.

काही हातयंत्रांत हवेचा दाब मोजणारा संवेदकही असतो. उड्डाणासाठी तो जरूर असावा, कारण आकाशातील सर्व वाहतूक दाबावरून ठरवलेल्या उंचीवर चालते. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की सुमारे साडेआठ मीटर चढल्याचे तो सांगतो. पण त्याचीही एक लहर आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक आणि दुपारी चारच्या सुमारास किमान असतो. हा फरक तीनेक हेक्टोपास्कल भरतो. सकाळी दहाला शून्यावर लावलेले यंत्र टेबलावर तसेच राहू दिले, तर चार वाजता ते आपण पंचवीस-तीस मीटर वर गेल्याचे सांगेल. सायंकाळी उतरणाऱ्या वैमानिकाला ते खऱ्यापेक्षा अधिक उंची दाखवेल, आणि धोका याच दिशेने आहे. शाळेत वायुभारमापक असेल तर विद्यार्थ्यांकडून तासातासाला नोंदी करवून हे सहज दाखवता येते. पावसाळी वादळ नसलेला दिवस निवडावा.

वेगाबद्दल थोडक्यात. जीपीएस जमिनीच्या सापेक्ष वेग दाखवते. छत्राला उचलून धरतो तो हवेच्या सापेक्ष वेग. समजा हवेतून ताशी ४० किलोमीटर वेग आहे आणि पाठीमागून ताशी २० चा वारा आहे. तीस किलोमीटर अर्ध्या तासात कापले जातात आणि पडद्यावर ६० पाहून मन हरखते. परतताना तोच वारा समोरून येतो, वेग २० उरतो आणि तेवढ्याच वाटेला दीड तास लागतो. जाताना पेट्रोलचा एक भाग लागला तर येताना तीन भाग लागतील. म्हणून मुक्कामी पोहोचण्याची वेळ सतत काढत राहणारे यंत्र उपयोगाचे. पण परतीचा हिशेब उडण्यापूर्वी कागदावर करावा.

यंत्र आपल्याला सांगते, इतरांना नाही

'जीपीएस जवळ असले की उपग्रहाला आपण कुठे आहोत ते कळते' असे सुशिक्षित माणसांकडूनही ऐकू येते. हा समज जिवावर बेतू शकतो. उपग्रह बोलतो, ऐकत नाही. आपले यंत्र ऐकते, बोलत नाही. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर हैदराबादहून चित्तूरकडे जाताना खराब हवामानात नल्लमलाच्या जंगलात बेपत्ता झाले. मोठी शोधमोहीम सुरू झाली, तरी अवशेष सापडायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडावी लागली. त्यातील पाचही जण मृत्युमुखी पडले होते. राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत ही स्थिती, तर एकट्या पॅरामोटरवाल्याला शोधायला कोण आणि कुठून सुरुवात करणार?

यासाठी वेगळे साधन लागते. ४०६ मेगाहर्ट्‌झवर आणीबाणीचा संदेश पाठवणारे दीपस्तंभयंत्र, म्हणजे बीकन, नोंदणी करून बाळगता येते. त्याचे संदेश भारतात बंगळूरच्या इस्रोच्या केंद्राकडे पोहोचतात. परदेशांत मात्र जीपीएस आणि उपग्रहामार्फत निरोप पाठवण्याची सोय एकाच हातयंत्रात असलेली यंत्रे सर्रास विकली जातात. नातेवाईक परदेशातून असे यंत्र भेट आणतील, सावध राहावे. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून उपग्रह-संपर्काची साधने बाळगणे गुन्हा आहे आणि अशा हातयंत्रांपायी प्रवाशांना विमानतळावर अडवून ठेवल्याच्या घटना घडल्या आहेत. केवळ ऐकणाऱ्या जीपीएसला ही अडचण नाही. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे निघण्यापूर्वी मार्ग आणि परतीची वेळ लिहिलेला कागद घरी ठेवणे आणि ती वेळ टळली तर काय करायचे ते घरच्यांना सांगणे.

उरलेल्या गोष्टी भराभर सांगतो. मोबाइल चालेल का? चालेल, दुसरे यंत्र म्हणून. त्यातील जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवून ठेवला की पुरे. पण उन्हात त्याचा पडदा दिसत नाही, हातमोज्यांनी तो नीट चालत नाही आणि विदर्भातल्या मे महिन्यात तापून तो स्वतःच बंद पडतो. म्हणून मुख्य यंत्र बटणांचे, प्रखर उन्हात वाचता येणारे आणि शक्य तर पेन्सिल सेलवर चालणारे असावे. पेन्सिल सेल ढाणकीच्या बाजारातही मिळतात. यंत्राला दोरी हवी, कारण वरून पडलेले यंत्र पंख्यात जाऊ शकते. ते मांडीवर बांधले तर अर्धे आकाश आपल्याच शरीराआड जाते. माणसाच्या शरीरातील पाणी हे संदेश शोषून घेते. छातीवरच्या पट्ट्यावर ते बरे. डोक्यावर शेंडीसारखा उंचवटा असलेले यंत्र उभे धरावे, चपट्या अँटेनाचे आडवे. जमिनीवर असतानाच ते सुरू करून पाच-दहा मिनिटे थांबावे: बरेच दिवस बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांचे वेळापत्रक नव्याने गोळा करावे लागते आणि तो संपूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटे लागतात.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर आधी त्यातील तारीख पाहावी. जीपीएस आठवडे मोजते, पण त्याच्या मूळ संदेशात १०२४ पर्यंतच मोजता येते. मग पुन्हा शून्य. असे ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये झाले, पुढचे नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. काही जुनी यंत्रे त्यानंतर वीसेक वर्षे मागची तारीख दाखवू लागली. त्यांतील बऱ्याच यंत्रांचे स्थान बरोबर येते, सूर्यास्ताची वेळ मात्र विश्वासार्ह राहत नाही. १९९० च्या दशकातील पुस्तिकेत 'चूक शंभर मीटर' असे छापलेले असेल तर घाबरू नये. ती चूक अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली होती आणि २ मे २००० पासून बंद झाली.

हे सर्व आम्ही शिक्षकांना कळवले आणि खरेदीपूर्वी एक प्रयोग सुचवला. ओळखीतून उसने यंत्र आणावे, शाळेच्या मैदानाच्या मधोमध स्टुलावर ठेवावे आणि तासभर दर दोन मिनिटांनी अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहावेत. शेवटच्या स्थळातील एक म्हणजे सुमारे एक मीटर. आलेखकागदावर ठिपके मांडले की यंत्राची चूक डोळ्यांसमोर उभी राहते. नंतर तेच यंत्र भिंतीलगत ठेवून पुन्हा तासभर.

शिक्षकांचे उत्तर गेल्या पंधरवड्यात आले. सोबत नववीच्या मुलांचा आलेख आहे. मैदानावरचे ठिपके एका खोलीत मावतील एवढ्या जागेत आहेत. दुमजली इमारतीच्या भिंतीलगतचे ठिपके लांबट पसरले आहेत आणि त्यांतील सात-आठ तर भिंतीपलीकडे, मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन पडले आहेत. भिंतीवर आदळून आलेला संदेश लांबची वाट करून येतो, म्हणून यंत्राला अंतर अधिक वाटते, हे मुलांनी स्वतः ओळखले. त्या तासभरात यंत्राने दाखवलेला चुकीचा अंदाज मात्र जवळजवळ तेवढाच राहिला होता, असे एका मुलीने आलेखाच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे. माजी विद्यार्थ्याने ते यंत्र न घेता दुसरे पाहायचे ठरवले आहे.